देवीपुढचा जोड

मेटगळ्ळी, म्हैसूर
९ एप्रिल २०२५

तुळसी,

आशीर्वाद आधी घे, मग रागव.

तू चामुंडीची शपथ घेतलीस की अण्णाशी तोंडानं बोलणार नाही. सरी, बोलू नको. पण वाचणार नाही असं काही तू म्हणाली नव्हतीस. मी तिथंच उभा होतो, मला चांगलं आठवतं. फोन तू उचलत नाहीस, आणि ‘नीवु करे माडिरुव चंदादाररु’ म्हणत ग्राहक उत्तर देत नाही असं सांगणाऱ्या त्या कंपनीच्या बाईचा आवाज ऐकून माझे कान किटलेत. म्हणून हे पत्र.

शरण्याला सातवा लागला म्हणे. हे मला कुणी सांगितलं? तुमच्या हुणसूरच्या बसमध्ये तुझ्या वहिनीशेजारी बसलेल्या एका परक्या बाईनं! मी सख्खा मामा. पहिलं बाळंतपण म्हणून पोरगी माहेरी आलीय, सदाशिवराव लेकीला गाडीत घालून म्हैसूरला डॉक्टरकडे आणतात, परत नेतात, आणि मला पत्ता नाही. अय्यो, एवढा काय गुन्हा केला गं मी? माझ्या विश्वेशनं ऐन वेळी लग्नाला नाही म्हटलं. त्याच्या आत्याची मुलगी, लहानपणापासून ठरलेलं, मी शब्द दिलेला, सगळं खरं. पण पंचवीस वर्षांच्या घोड्याला मी दोरीनं बांधून मांडवात उभा करणार होतो का? आणि शरण्या आज तिच्या घरी सुखात आहे, अल्वा? मग तुझाच राग का अजून तसा?

असू दे. भांडायला पत्र लिहीत नाही. लिहिलं त्याचं कारण वेगळं.

आपल्या ओळखीच्या लॉरीतून तुझा जोड पाठवतोय. हो, तोच. त्या दसऱ्याला आयुधपूजेला देवीपुढे मांडला होता आणि तू न घेता पाय आपटत निघून गेलीस, तो. तुला वाटलं असेल अण्णानं विकून टाकला. तो दर आयुधपूजेला परत देवीपुढे बसतो. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं. कितीदा गिऱ्हाईक म्हणालं, हा द्या. मी म्हटलं, हा माझ्या बहिणीचा. सदाशिवराव गाडी काही बदलत नाहीत, त्यामुळे माप तेच असणार.

शरण्याच्या बाळाला मामाआजोबाकडून म्हण, नाहीतर काही म्हणू नको, सुम्नं, गुपचूप बसवून घे.

अण्णा


मेटगळ्ळी
१९ एप्रिल

तुळसी,

परवा शरण्याचा फोन आला. पोरगी काय बोलते गं! थेट आपली आई. म्हणाली, “मामा, आईनं आधी टायरना हळदकुंकू लावलं, मगच बाबांना हात लावू दिला.” सदाशिवराव म्हणाले, “लोकांची माहेरं सोनं देतात, हिचं माहेर रबर देतं.” तर तू म्हणे आतून ओरडलीस, “सोन्यावर गाडी चालवून दाखवा!” हे ऐकून मी एवढा हसलो की तुझी वहिनी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. तिला वाटलं मला काही झालं. तिला सांगितलं तर ती आधी हसली आणि मग पदर डोळ्याला लावून उभी राहिली.

आपण रंगाऱ्यांची पोरं. आजोबा कापड छापायचे तेव्हा दसऱ्याला देवीपुढे मांडलेला पहिला जोड घरच्या लेकीला जायचा, लुगडं आणि खण. बाबांनी धंदा बदलला, कापड गेलं, टायर आले, पण रीत सोडली नाही आणि नावही नाही; टायर दोन असोत की स्टेपनी धरून पाच, म्हणायचं जोडच. तुझ्या लग्नानंतर पहिल्या दसऱ्याला बाबांनी सदाशिवरावांच्या स्कूटरला दोन टायर दिले, तेव्हा तुझ्या सासूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आठवतं? आणि तूच मान वर करून म्हणाली होतीस, आमच्यात असंच असतं.

आज दुकानात गंमत झाली. कॉलेजातली एक मास्तरीणबाई आली होती. टायर बसवून घ्यायच्या आधी वाकून वाकून बाजूचे आकडे वाचायला लागली. म्हणाली, “हा दोन वर्षांपूर्वी बनलाय. मग तुम्ही नवा कसा म्हणता?” मला राग आला, पण बाई शहाणी होती. तिला स्टूल दिलं, कॉफी मागवली आणि समजावलं. म्हटलं, बाई, रस्त्याला न लागलेला टायर नवाच, पण कायमचा नाही. अंधाऱ्या थंड गोदामात उभा ठेवला, ऊन नाही, तेल नाही, तर दोन-तीन वर्षांत त्याला काही होत नाही, बिनधास्त घ्या. त्यापुढे मात्र मी एकेक टायर हातात घेऊन बघतो. रबर बसल्या जागीही सुकतं. उलट फिरणारा टायर बरा, त्याच्या पोटातलं औषध फिरून वर येत राहतं आणि चिरा पडू देत नाही. बसलेला तसाच कोरडा होत जातो. वरून काळाकुळकुळीत, आतून कडक. म्हणून पाच वर्षांवरचा माल माझ्या दुकानात कुणी नवा म्हणून विकला तर मी त्याला

तुझी वहिनी हाक मारतेय. जेवून येतो.

जेवलो. काय लिहीत होतो ते राहू दे.

सदाशिवरावांना सांग, गाडी जरा हळू चालवा. उन्हाळा आहे, रस्ता तापतो. दुसरं काही कारण नाही.

अण्णा


मेटगळ्ळी
२२ एप्रिल

तुळसी,

हे पत्र हुणसूरच्या बसच्या कंडक्टरबरोबर देतोय, म्हणजे आजच मिळेल. बसस्टँडवर स्वतः येऊ नको, शेजारच्या कुणाला तरी पाठव, असं शरण्याला फोनवर सांगितलंय.

असं कर. तो जोड मला परत पाठव. दुसरा देतो, त्याहून चांगला. कंपनीनं नवीन नक्षी काढलीय, रस्ता घट्ट धरते, पोटुशी पोर गाडीत असताना तसाच हवा. शुक्रवारी माणूस पाठवतो, तो दारातच बदलून देईल, तुला काही करायला नको. ह्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मामाची हौस आहे असं समज.

तोवर गाडी बाहेर काढली नाही तर बरं. डॉक्टरकडे जायचं असेल तर मला कळव, इथून टॅक्सी पाठवतो. भाड्यावरून मानापमान करू नको.

आणि हे सदाशिवरावांना सांगायची गरज नाही. त्यांना उगीच मस्करीला विषय मिळतो.

अण्णा


मेटगळ्ळी
२६ एप्रिल, शनिवार

तुळसी,

काल माझा माणूस दारातून परत आला. तू त्याला पाणी दिलंस, उप्पिट्टु दिलंस आणि टायर दिले नाहीस. शरण्यानं फोनवर सांगितलं तू काय म्हणालीस ते. ‘आठ वर्षांनी दिलं आणि पंधरा दिवसांत परत मागतो, असला भाऊ नको.’ बरोबर आहे. मीही तेच म्हटलं असतं.

आता खरं ऐक. नवीन नक्षी वगैरे सगळं झूट आहे.

तो जोड २०१७चा आहे. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे आहेत, ३४१७. सतराव्या सालातला चौतिसावा आठवडा. तू भांडून गेलीस त्या दसऱ्याच्या थोडाच आधी बनलेला. मी चाळीस वर्षं टायर विकतोय गं, झोपेतून उठवून विचारलंस तरी आकडे वाचून दाखवीन. गोदामात एक टायर जुना होऊ देत नाही, आधी आलेला आधी बाहेर काढतो. पण ह्या जोडाचे आकडे मी एकदाही पाहिले नाहीत. पाहावेसे वाटलेच नाहीत. तो माल नव्हता ना, तो तुझा होता. आजोबांच्या पेटीत देवीपुढचं लुगडं दहा वर्षं पडलं तरी लुगडंच राहायचं, वर्षाकाठी ऊन दाखवलं की झालं. मी टायरचंही तसंच केलं. दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. तिथं रोज दुपारचं ऊन येतं. दर आयुधपूजेला चकाकी यावी म्हणून माझ्या हातानं खोबरेल तेल चोळलं. दुसऱ्या कुणी माझ्या टायरला तेल लावलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढला असता.

मास्तरीणबाईला मी मोठा शहाणपणा शिकवत होतो आणि तेच तुला लिहीत होतो. लिहिता लिहिता हात थांबला. वहिनीनं हाक वगैरे काही मारली नव्हती.

मग मी काय केलं? तुला नक्षीच्या गोष्टी सांगितल्या. आठवडा घालवला. का, तर आठ वर्षांनी तू माझ्या घरातलं काहीतरी आपलं म्हणून दारात घेतलंस, नवऱ्याला उलट उत्तर दिलंस, आणि आता मीच सांगायचं की ते खराब आहे? सदाशिवराव जन्मभर हसतील, आणि माझ्यावर नाही, तुझ्यावर हसतील. मला ते बघवेना. माझ्या जिवाला हा आठवडा काय लागलंय ते मलाच ठाऊक. दुपारी दुकानातला फोन वाजला की दुसऱ्याला उचलायला सांगतो.

ते टायर उद्याच फुटतील असं मी म्हणत नाही. कदाचित वर्षभर चालतील, काही होणार नाही. कुणी छातीठोक सांगू शकत नाही, हीच तर पंचाईत आहे. पण जे मी अनोळखी बाईला विकणार नाही ते शरण्याच्या खाली कसं ठेवू? आणि शरण्या आता एकटी नाही.

टेम्पोतून नवा सेट पाठवलाय, ह्याच वर्षी बनलेला. आकडे स्वतः वाच. तुझा जोड काढून टाक. सदाशिवरावांना काय सांगायचं ते तू ठरव, म्हणून आधी तुला लिहितोय, त्यांना नाही. पण सोमवारी डॉक्टरकडे यायचंय असं शरण्या म्हणाली. उद्या संध्याकाळपर्यंत टायर काढले असं मला कळलं नाही तर मी सदाशिवरावांना फोन करीन आणि सगळं सांगीन. मग तू मला तोडलंस तरी चालेल.

नाही, चालणार नाही. पण करीन.

अण्णा


मेटगळ्ळी
२९ एप्रिल

तुळसी,

रविवारी संध्याकाळी टायर काढल्याचं शरण्यानं कळवलं, म्हणून सदाशिवरावांना फोन केला नाही. काल दुपारी टेम्पो आला. माझ्या दारात सगळं उतरवलं, तू काढून पाठवलेलं आणि मी नवीन पाठवलेलं. नव्याचा कागदही फाडला नव्हतास. चिठ्ठी नाही, निरोप नाही. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी हुणसूरच्या दुकानातून दुसरे टायर बसवून घेतले. बरं केलं. कुठले का असेनात, आकडे बघून घेतले असले म्हणजे झालं.

शरण्याचा फोन आला होता. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं, बाळ लाथा मारतंय. ऐकून मी खुर्चीत बसलो. मग तिनं अडखळत सांगितलं तू काय बोललीस ते. ‘आधी माझी मुलगी ह्यांना चालली नाही, आता काचेत राहून राहून खराब झालेला माल आम्हाला चालतो असं ह्यांना वाटलं.’ तुळसी, हे तू रागात बोललीस असं मी स्वतःला सांगतोय. पण ते तुला आतून तसंच वाटत असेल तर मी काय करू? शरण्या मला कधी कमी वाटली नव्हती. ती सून म्हणून आली असती तर मी नाचलो असतो. विश्वेशशी मी वर्षभर बोललो नाही, तुला माहीत आहे? माहीत नसणार. तू इथं होतीस कुठं.

परत आलेल्या जुन्यातला एक टायर मी उचलून उलटा केला, दोन्ही हातांनी वाकवला. खाचांच्या मुळाशी बारीक चिरा आहेत, केसाएवढ्या, पण गोल सगळीकडे. वरून कुणाला दिसल्या नसत्या. वहिनीला दाखवल्या. ती देवीच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली. मी हे स्वतःला बरोबर ठरवायला लिहीत नाही. माझ्या हातून काय झालं असतं ते तुला कळावं, एवढंच.

आता मुद्द्याचं. जुने टायर चारच आलेत. मी पाच पाठवले होते. स्टेपनीचा कुठं आहे?

तो डिकीत असेल तर आजच्या आज बाहेर काढ. चार नवीन बसवले म्हणजे भागलं असं सदाशिवरावांना वाटत असेल, सगळ्यांनाच वाटतं. पण रस्त्यात पंक्चर झालं की तोच टायर चढवणार ना? तेव्हा घाई असते, गाडीत पोर कळा देत असेल, कोण आकडे बघणार? तू माझ्यावर रागव, नव्यानं शपथ घे, हुणसूरभर सांग की भाऊ नालायक निघाला, पण पाचवा पाठव. पाठवायचा नसेल तर कापून टाक. माझ्यासाठी एवढं कर. नाही, माझ्यासाठी नको, शरण्यासाठी कर.

अण्णा


मेटगळ्ळी
३ मे

तुळसी,

तुझ्याकडून काही आलं नाही. तीन रात्री झोप नाही, म्हणून शेवटी आज सकाळी सदाशिवरावांना फोन केला. मनाची तयारी केली होती की आधी ते पोटभर हसणार. हसले नाहीत.

मी विचारलं, “सदाशिवराव, तो पाचवा टायर डिकीत आहे का? असला तर हात जोडतो, काढून टाका.”

ते म्हणाले, “रणोजीराव, डिकीत नाही. टेम्पोत चढवायला मीच उचलला होता. हिनं माझ्या हातातून घेतला. म्हटलं, अगं तो पण तसलाच आहे, चिरा असतील. तर म्हणाली, असू देत, हा कुठं रस्त्यावर जाणाराय? आता देवघरात ठेवलाय. आडवा. त्याच्यावर पाट टाकलाय आणि पाटावर देवी बसवलीय. रोज सकाळी पूजा करते. मी म्हटलं, देवीला रबरावर बसवतेस? तर म्हणाली, माझ्या माहेरात असंच असतं.”

मी विचारलं, “माझ्याबद्दल काही म्हणाली का?” ते म्हणाले, “नाही. तुमचं नाव काढलं की उठून जाते.”

फोन ठेवला तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी ढसाढसा रडलो, ह्या वयात. तुझ्या वहिनीनं त्यांना सांगितलं, मालकांना बरं नाही, उद्या या, आणि शटर अर्धं खाली ओढलं. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “इथं बसून रडता कशाला, तिच्या दारात जाऊन रडा.”

म्हणून उद्या सकाळच्या बसनं येतोय. काही आणत नाही, हात हलवत येतोय. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर बाहेर पायरीवर बसेन, शरण्या पाणी देईल. संध्याकाळी शेवटची बस आहे, तोवर मला काही काम नाही.

अण्णा